पाटी लावलेलं दार

चादरीचा कोपरा आधी पाकिटासारखा दुमडायचा, मग गादीखाली सारायचा. असा, की रात्रभर कुणी कितीही लोळलं तरी तो सुटता कामा नये.

*

कोट टांगायला कपाट उघडणाऱ्या माणसाच्या डोक्यात फक्त कोट असतो.

*

"कोर्टात रडायचं नाही," वकील म्हणाला आणि शिंकला. "हसायचंही नाही. अधलंमधलं काहीतरी करा."

*

हिरव्या खडूनं काढलेला हत्ती. पाय पाच.

*

पितळी कडी कोरड्या फडक्यानं पुसली की चमकते. त्यानंतर कितीही वेळ पुसत बसलं तरी त्याहून जास्त चमकत नाही.

*

एका खोलीत भिंतीवर पिवळा सूर्य रंगवलाय आणि सूर्याखाली पलंगांची रांग आहे. शेवटच्या पलंगावरची चादर घातली तशीच आहे, एक सुरकुती नाही. त्या पलंगाची मालकीण शेजारी फरशीवर झोपली आहे.

*

हे सगळे तुकडे एकाच बाईच्या संसारातले आहेत.

तिला हॉटेलात सगळे 'चौथा मजला' म्हणत. नावानं हाक मारायची तिथे पद्धत नव्हती. ज्याच्याकडे जो मजला, तेच त्याचं नाव. दुसरा मजला भांडखोर होता. तिसरा मजला सध्या बाळंतपणाच्या रजेवर होता. आणि चौथा मजला म्हणजे ही. अंगानं काटकुळी, हाताला वाऱ्याचा वेग, आणि जिभेला त्याहून थोडा जास्त.

"चौथा मजला, ये गं, चहा गार होतोय."

"तू घे. कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाबानं आंघोळ केलीय का म्हैस धुतलीय, ते बघून येते आधी."

या सगळ्या मजल्यांवर देखरेख करणारी बाई होती, तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत. भिंग खोलीत आली की बोलत नसे. आधी वाकून पलंगाखाली बघे, मग नळ तिरक्या नजरेनं बघे, मग आरशावर स्वतःचा श्वास सोडून कुठे बोटाचा ठसा उमटतो का ते बघे. काही सापडलं नाही की "हं" म्हणे. ते "हं" म्हणजे सोन्याचं पदक. आदल्या दिवशी त्या खोलीत कुणी राहिलं होतं, जेवलं होतं, भांडलं होतं, झोपलं होतं, याची एकही खूण उरता कामा नये. चौथ्या मजल्याला रोजचं "हं" ठरलेलं होतं.

तिची मुलगी मुंगी. दुसरीत. शाळा दुपारी सुटायची आणि आईचं काम संध्याकाळी. मधली दुपार आधी शेजारच्या आजींकडे जायची, पण आजी मुलाकडे राहायला गेल्या आणि ती दुपार उघडी पडली. मुंगीचा बाप दुसऱ्या गावात दुसऱ्या संसारात सुखी होता, त्याला दुपारशी काही देणंघेणं नव्हतं. राहता राहिली मुंगीची मावशी. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्या पुढच्या खोलीतच. "आण की तिला माझ्याकडे," मावशी म्हणाली होती. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण मोठी बहीण थांबेल कशी? "तेव्हा सांगत होते, त्या माणसाच्या नादी लागू नकोस. आता निस्तर. आण पोरीला, मी काय उपाशी ठेवणार नाही."

'निस्तर' हा शब्द चौथ्या मजल्याच्या घशात काट्यासारखा अडकला. मुंगीला तिनं बहिणीकडे नेलं नाही, हॉटेलात नेलं.

मागच्या दारानं, धुण्याच्या गाडीतून. वर चादरी, खाली मुंगी. लिफ्टमध्ये दुसरा मजला भेटला की मुंगी श्वास रोखून धरी आणि चादरी थरथरत. हसण्यानं.

मग जी खोली रिकामी असेल ती मुंगीची. आज बागेच्या बाजूची, उद्या रस्त्याच्या बाजूची. आईनं एक खेळ बसवला होता. तासाभरानं ती दार उघडून आत येई, भिंगसारखी नाकावर काल्पनिक चष्मा सरकवी आणि विचारी, "कोण आलं होतं इथे?"

"कुणीच नाही!" कपाटातून आवाज येई.

मग तपासणी. गादीवर बसल्याचा खळगा नाही. बेसिनमध्ये थेंब नाही. टॉवेलची घडी जशीच्या तशी. सगळं नीट असेल तर चहाच्या ट्रेमधलं बिस्कीट. एखाद दिवशी पडद्याची दोरी चुकीच्या बाजूला गाठलेली सापडे. त्या दिवशी बिस्कीट नाही. पुढे पुढे रोजच बिस्कीट मिळायला लागलं. मुंगी पलंगावर बसायची नाही, जमिनीवर बसायची, आणि उठताना गालिच्याचे दबलेले धागे हातानं उलटे फिरवून उभे करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिनं स्वतः शोधलं होतं. आईचा ऊर भरून आला होता तेव्हा. भिंगलासुद्धा पत्ता लागणार नाही, असं तिला वाटलं होतं, आणि खोटं नव्हतं ते.

*

तो दिवस दोनदा सांगावा लागतो.

एकदा, पोलिसांनी सांगितला तसा. खालच्या काउंटरवरच्या पोरानं एका पाहुण्याला वेळेआधीच खोली देऊन टाकली. पाहुणा आला, दाराबाहेर 'त्रास देऊ नये'ची पाटी लटकावली, जोडे काढले, झोपला. उठला, फोनवर कुणाशी तरी भांडला, टीव्ही लावला. दिवस कलल्यावर बाहेर जेवायला जायचं म्हणून बॅगेतून कोट काढला, चुरगळला होता म्हणून टांगायला कपाट उघडलं, आणि ओरडला. आत एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. फ्रॉक ओला होता. ती त्याच फ्रॉकच्या टोकानं कपाटाचा तळ पुसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी साफ करते, मी साफ करते."

पाहुणा सज्जन होता. खाली गेला, पाणी मागवलं, पोलिसांना बोलावलं. मुलीला त्या रात्री बालगृहात नेलं आणि प्रकरण कुटुंब न्यायालयात गेलं.

दुसऱ्यांदा सांगायचं ते चौथ्या मजल्यानं पाहिलं तसं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर ती वर आली तर त्या दारावर पाटी. मुंगी आत. आत पाहुणा. ती गाडी ढकलत दाराशी गेली. हात वर केला. आणि पाटी पुन्हा दिसली.

पाटी असली की दार वाजवायचं नाही. हा कामाचा पहिला नियम, पहिल्या दिवशी शिकवतात, तेही चादरीच्या आधी. खोलीत आग लागली नसेल तर नाही.

तिनं खिशातून फडकं काढलं आणि दाराची पितळी कडी पुसायला लागली. कुणी बघितलं तर काहीतरी करत असल्यासारखं दिसावं म्हणून. आतून टीव्हीचा आवाज येत होता. पोरीचा येत नव्हता. म्हणजे ती लपली आहे, ठीक आहे. माझी पोर हुशार आहे, तिला जमतं. माणूस कधीतरी बाहेर पडेलच. ती पुसत राहिली. मग भिंगची चाहूल लागली म्हणून गाडी घेऊन पुढे गेली. मग परत आली. परत पुसली.

नंतर, फार नंतर, तिला आठवायचं ते हे, की त्या सगळ्या वेळात दार वाजवता येईल हा विचार तिच्या मनात एकदाच आला होता, आणि तो तिनं चुकीचा विचार म्हणून बाजूला सारला होता.

*

"तुम्हाला वाटलं मुलगी चादरींच्या खोलीत आहे," वकील म्हणाला. कोर्टानं दिलेला फुकटचा वकील, तरुण, बाराही महिने सर्दी. "कळलं? ती कुठल्या खोलीत शिरली हे तुम्हाला माहीतच नव्हतं. तिथे जबाबात तसंच लिहिलंय आपण."

"पण—"

"पण नाही. माहीत नव्हतं तर निष्काळजीपणा. माहीत असूनही ठेवलं तर दुसरंच काहीतरी. दोन्हींत फरक काय, माहितेय? तुमची पोरगी." त्यानं नाक पुसलं. "आता घर आवरा. कोर्टाच्या बाई बघायला येतील."

घर आवरणं! म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं. चौथ्या मजल्यानं रजा टाकली आणि घर घासूनपुसून आरशासारखं केलं. खिडक्या, कोनाडे, पंख्याची पाती. मुंगीच्या वह्या, चपला, मोडकी बाहुली, शाळेतून आणलेले चिकटवलेले कागद, सगळं एका बॅगेत भरून पलंगाखाली ढकललं. दात घासायचा ब्रश रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये. आणि शेवटी, हाताला हॉटेलातली सवय म्हणून, संडासातल्या कागदाच्या गुंडाळीचं टोक त्रिकोणी दुमडलं.

कोर्टाच्या बाई आल्या. कापडी बूट, खांद्याला झोळी, बोलायला मऊ. फ्रीज उघडून बघितला, दूध होतं, अंडी होती. चौथा मजला मागे हात बांधून उभी. "हं"ची वाट बघत.

"मुलीचे कपडे?"

"आहेत ना." बॅग बाहेर आली.

"खेळणी?"

"त्यातच आहेत."

"अभ्यासाला कुठे बसते?"

"सांगेन तिथे."

कोर्टाच्या बाई संडासात गेल्या आणि जरा वेळानं बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण चौथ्या मजल्याला वाटलं, कौतुक असेल.

"घर अतिशय स्वच्छ," चार दिवसांनी वकिलानं तिला अहवाल वाचून दाखवला. "अन्नाची व्यवस्था ठीक. या घरात लहान मूल राहत असल्याची एकही खूण मात्र दिसली नाही." त्यानं कागद खाली ठेवला. "अहो बाई, मी घर आवरायला सांगितलं होतं. पुरावा नष्ट करायला नव्हतं सांगितलं."

"मग आता?"

"आता परत येतील त्या. जरा घरासारखं दिसू द्या घर."

*

घरासारखं म्हणजे कसं, हे तिला खरोखरच कळेना. आयुष्यभर खुणा पुसलेल्या हातानं खुणा करायच्या कशा? तिनं बॅग उपसली. चपला दाराशी विस्कटून ठेवल्या, आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं तर त्या विस्कटलेल्यासुद्धा एका रांगेत होत्या. एक पायानं ढकलली. बाहुली जमिनीवर टाकली. मग दुकानातून खडूची पेटी आणली, आणि जिन्याचं दार लावून घेऊन, भिंतीवर चित्र काढायला घेतलं. डाव्या हातानं. लहान मुलानं काढल्यासारखं यावं म्हणून. हिरवा हत्ती. निळं घर. घराला धूर.

चित्र काढताना तिला मध्येच बरं वाटलं. मुंगी असती तर म्हणाली असती, आई, पुसायचं कधी?

कोर्टाच्या बाई आल्या, बाहुली ओलांडून आत आल्या आणि भिंतीसमोर थांबल्या. चष्मा लावला. हत्ती बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मान वर करावी लागत नव्हती, खाली करावी लागत नव्हती.

"मुलीनं काढलंय?"

"हो. तिला नाद आहे चित्रांचा."

"केवढी आहे हो मुंगी उंचीला?"

"एवढी," चौथा मजला म्हणाली आणि हात धरून दाखवला. हात तिच्या कमरेपाशी होता. हत्ती तिच्या डोक्याइतका वर. हात तिथेच हवेत राहिला, आणि तो खाली कसा घ्यायचा हे तिला सुचेना.

खुर्चीवर चढली होती का, असं विचारलं असतं तर हो म्हणता आलं असतं, पण कोर्टाच्या बाईंनी ते विचारलंच नाही. हत्तीकडेच बघत राहिल्या.

"याला पाच पाय का आहेत?"

"सोंड आहे ती," चौथा मजला पटकन म्हणाली, जरा दुखावून.

कोर्टाच्या बाईंनी झोळी खांद्यावर नीट केली. कानाच्या पाळ्या जळतात म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. बाई गेल्यावर तिनं ओलं फडकं घेऊन भिंत घासली. घर गेलं, धूर गेला. हत्तीचा हिरवा डाग मात्र पसरून मोठा झाला.

*

न्यायाधीशबाईंची खोली तिनं मनात रंगवली होती तशी नव्हती. उंच चौथरा नाही, हातोडा नाही. एक लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीत वाळकं झाड. टेबलाच्या या बाजूला चौथा मजला आणि शिंकणारा वकील. पलीकडे कोर्टाच्या बाई. मागच्या बाकावर मावशी, छातीशी पर्स धरून, धाकटीकडे न बघता. मुंगी तिथे नव्हती. तिच्याशी न्यायाधीशबाई आधीच, वेगळ्या बसून, बोलल्या होत्या.

"बालगृहातल्या ताई लिहितात," न्यायाधीशबाईंनी वाचायला सुरुवात केली, "मुलगी पलंगावर झोपत नाही. तोंड धुतल्यावर बेसिन स्वतःच्या फ्रॉकनं कोरडं करते. दारावर कुणी टकटक केलं की पलंगाखाली जाते आणि बोलावल्याशिवाय येत नाही. तिचा कुणाला काही म्हणजे काही त्रास नाही." त्यांनी मान वर केली. "हे तिला कोणी शिकवलं?"

"मीच," चौथा मजला म्हणाली. "मीच शिकवलं, मॅडम."

आवाज नेमका तोच लागला, खोली तयार झाली की भिंगला सांगायचा. वकिलानं डोळे मिटून घेतले. कोर्टाच्या बाईंनी टेबलाकडे बघितलं. कुणी "हं" म्हटलं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि कुणी न सांगता, कुणी न रागावता, तिला हळूहळू ऐकू आलं की आपण काय बोललो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. फरशी होती, दुभंगली नाही.

"घरात दुसरं कुणी नव्हतं मदतीला?"

"नाही."

"मी होते की," मागून आवाज आला. मावशी उठून उभी राहिली होती. "मी म्हटलं होतं हिला, आण पोरीला. म्हटलं होतं की नाही? सांग."

"म्हटलं होतंस ना. त्याच्याबरोबर आणखी काय म्हटलं होतंस, तेही सांग की मॅडमना."

"सांगते. घाबरते का मी? म्हटलं, निस्तर म्हणून. मोठ्या बहिणीनं एवढंही बोलायचं नाही?"

"एवढंच बोलली होतीस? तासभर चाललं होतं!"

"घरचं घरी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. दोघी बहिणी एकदम गप्प झाल्या, शाळेत पकडल्यासारख्या. मावशी खाली बसली. जरा वेळानं कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "तेवढा एक शब्द मी गिळायला हवा होता."

न्यायाधीशबाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. "मुलगी माझ्याशी बोलली. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलंय. तिनं मला आधी विचारलं, आईला हे दाखवणार का? मी हो म्हटलं. तेव्हा म्हणाली, मग बरं. मग मी सगळं सांगते."

त्या वाचू लागल्या, सपाट आवाजात.

"सगळे म्हणतात आई मला सोडून गेली होती. ते खोटं बोलतात. आई बाहेरच होती. तिच्या गाडीचं एक चाक चूं करतं. ते चाक दाराशी आलं आणि थांबलं. मग कडी पुसल्याचा आवाज आला. आई खूप वेळ पुसत होती. मग चाक गेलं. मग परत आलं. मी हरवले नव्हते. मी कुठे आहे ते आईला माहीत होतं. म्हणून मी रडले नाही. तुम्ही आईला काही करू नका."



आईला वाचवण्यासाठी मुंगीनं हे सांगितलं होतं. पोरीनं आपल्याजवळ होतं नव्हतं ते सगळं आणून आईच्या ओंजळीत ठेवलं होतं.

"तुमच्या जबाबात आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मला वाटलं ती चादरींच्या खोलीत आहे. ती कुठे गेली ते मला माहीत नव्हतं. दोन्ही खरं असू शकत नाही. मुलीची काही चूक होतेय का?"

"मॅडम," वकील घाईनं म्हणाला, "लहान मुलांचा आवाजात गोंधळ होतो. हॉटेलात अशा गाड्या भरपूर. कुणाचीही असेल. मुलगी घाबरलेली होती, कपाटात बंद होती—" त्यानं टेबलाखालून चौथ्या मजल्याच्या चपलेला बूट लावला. हो म्हणा. एवढंच म्हणा, असेल कुणाचीही.

वाट मोकळी होती. एक मान हलवायची. मुंगीचं ऐकणं चुकलं असं म्हटलं की पोर कदाचित आजच घरी. लहान मुलांचा होतो गोंधळ, कोण नाही म्हणणार?

"नाही," ती म्हणाली. "ते चाक माझंच. कितीही तेल घातलं तरी चूं करतं ते."

वकिलानं बूट मागे घेतला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग दार का वाजवलं नाहीत?"

"पाटी लावली होती."

"कसली पाटी?"

"त्रास देऊ नये, ती. पाटी असली की वाजवायचं नाही." बोलता बोलताच तिचा आवाज बारीक होत गेला. हॉटेलात हे वाक्य दिवसातून कितीदा म्हटलं जातं, आणि प्रत्येक वेळी बरोबर असतं. इथे, या टेबलावर, ते एखाद्या घाणेरड्या कपड्यासारखं पडलं. "नियम आहे तो."

"मुलगी आत होती," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि एक अनोळखी पुरुष."

"हो."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्यांनी नुसतं बघितलं. मागे मावशीनं पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. चौथा मजला स्वतःच्या हातांकडे बघत होती. एवढ्या खोल्या लख्ख करणारे हात, आणि आत्ता ते कुठे ठेवावेत याची तिला लाज वाटत होती. मांडीवर ठेवले तर सगळ्यांना दिसत होते. टेबलाखाली घेतले तर लपवल्यासारखे दिसले असते.

*

"तुम्हाला वाटत असेल," न्यायाधीशबाई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आई म्हणून बऱ्या का वाईट, ते इथे ठरवतात. तसं नसतं. तुमच्याकडे दुपारी मुलीला ठेवायला जागा नव्हती, यासाठी मी मुलगी काढून घेत नाही. तसं केलं तर अर्ध्या शहराची मुलं माझ्याकडे येतील. जागा नसते तेव्हा कोर्टानं जागा शोधून द्यायची असते. मारलं नाहीत, उपाशी ठेवलं नाहीत, तेही मी बघितलंय. मी बघते ते पुढचं. उद्या पुन्हा असंच काही झालं, तर मुलगी ओरडेल का? आणि ओरडली नाही, तर तुम्ही दार वाजवाल का?"

चौथ्या मजल्यानं पाण्याच्या जगाकडे बघितलं.

"पहिल्याचं उत्तर आज नाही असं आहे. दुसऱ्याचं मला माहीत नाही. तुम्हाला माहितेय?"

वाजवेन, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. अर्थातच वाजवेन. तोडेन. पण हे ती त्या दिवशी सकाळीही म्हणाली असती, अगदी छातीवर हात ठेवून.

"आत्ता वाटतंय की वाजवेन," ती म्हणाली.

"तेवढंच लिहिते," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि खरंच लिहिलं.

मग निकाल. मुंगी मावशीकडे राहील. शाळेची सहामाही होईपर्यंत. आई आठवड्यातून दोनदा भेटेल, सुरुवातीला कोर्टाच्या बाईंसमोर. मुलीला बालमानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायचं, आईनंही बरोबर बसायचं. हॉटेलातली पाळी बदलून मिळते का ते बघायचं, नाहीतर दुसरं काम, आणि त्यात कोर्टाच्या बाई मदत करतील. सहामाहीनंतर पुन्हा सगळे याच टेबलावर. "मुलीला खोटं पाडून तुम्ही तिला आज कदाचित घरी नेलं असतं," न्यायाधीशबाई कागद आवरताना म्हणाल्या. "ते तुम्ही केलं नाहीत, याची नोंद आहे." त्यात कौतुक नव्हतं. नुसती नोंद होती.

बाहेर जिन्यात वकिलानं रुमालात नाक शिंकरलं. "वाचलात म्हणायचं का बुडालात म्हणायचं, मलाच कळेना," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

मावशी तिथेच उभी होती. "काय खाते गं ती हल्ली?" तिनं विचारलं, भिंतीकडे बघत.

"काहीही. नखरे नाहीत तिचे."

"तेच तर," मावशी म्हणाली. "तेच तर सांगतायत ना सगळे."

*

पहिली भेट मावशीच्या दुकानामागच्या खोलीत. शिलाई यंत्राचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. कोर्टाच्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, आपण तिथे नसल्यासारखं दाखवत होत्या.

मुंगी खुर्चीच्या टोकावर बसली होती, पाठ न टेकता. नवा फ्रॉक, मावशीनं शिवलेला, जरा सैल. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. पोरीनं फिरवू दिला. मग तिनं एकदा स्टुलाकडे बघितलं, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आई, मी कोर्टात बरोबर सांगितलं ना?"

चौथ्या मजल्याचा चेहरा तापला. पोरीच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून तिच्या फ्रॉकच्या शिवणीकडे बघत ती म्हणाली, "हो. अगदी बरोबर सांगितलंस."

"मग मी घरी का नाही?"

"ते माझ्यामुळे."

"तू काय केलंस?"

पलीकडे शिलाई यंत्र थांबलं. कोर्टाच्या बाईंनी खिडकीकडे मान वळवली. आईनं सांगायला सुरुवात केली, हळू आवाजात, आणि मध्येच थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मुंगी जन्मली तेव्हा इतक्या मोठ्यानं रडली होती की शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीनं नर्सकडे तक्रार केली होती.